पत्र खोटं निघालं तेव्हा : १८८२ चा कोल्हापूर खटला आणि आपली फूटनोट

कोर्सवर्क सुरू झालं की ‘रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स’ नावाचा दोन क्रेडिटचा पेपर तुमच्या वाट्याला येईल. यूजीसीने तो २०१९ च्या अखेरीस पीएचडीसाठी सक्तीचा केला. वर्गातला बहुतेक वेळ प्लॅजियरिझमवरच जातो : किती साम्य चालतं, १० टक्क्यांच्या आत कसं राहायचं, सॉफ्टवेअर काय पकडतं आणि काय सोडतं. मीही तो पेपर दिला, पास झाले आणि एथिक्स आपल्याला कळलं असं समजून पुढे गेले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत मी जी चूक केली, ती कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडली नसती. तिच्याकडे शेवटी येते. आधी एक जुनी गोष्ट, कारण माझी चूक मला नीट कळली ती या गोष्टीमुळे.

गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली आहे. टिळक, आगरकर, डोंगरीचा तुरुंग, १०१ दिवस. आपल्या डोक्यात ती देशभक्तीच्या कप्प्यात बसलेली असते. पण ते आत का गेले, असं कुणी विचारलं तर आपण अडखळतो. ‘इंग्रजांविरुद्ध लिहिलं म्हणून’ असं काहीतरी मोघम बोलतो. मीही बरीच वर्षं हेच सांगत होते. प्रत्यक्षात त्यांना शिक्षा झाली ती अब्रुनुकसानीबद्दल, आणि फिर्यादी एक मराठी माणूस होता.

कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले. पुढच्या वर्षी एका लहान मुलाला दत्तक घेऊन गादीवर बसवलं, ते चौथे शिवाजी महाराज. कारभार ब्रिटिशांच्या देखरेखीखाली चाले आणि कारभारी होते रावबहादूर माधवराव बर्वे. महाराज तारुण्यात येईपर्यंत त्यांना वेड लागल्याचं सरकारदरबारी सांगितलं जाऊ लागलं. पुण्यात मात्र वेगळीच बोलवा होती : वेड वगैरे काही नाही, पोराचा छळ चालला आहे आणि त्यात कारभाऱ्यांचा हात आहे.

याच सुमारास पुण्यात दोन नवी पत्रं निघाली होती. २ जानेवारी १८८१ ला इंग्रजी ‘मराठा’ आणि ४ जानेवारीला मराठी ‘केसरी’. ‘केसरी’ आगरकरांकडे, ‘मराठा’ टिळकांकडे. दोघांचाही जन्म १८५६ चा, म्हणजे पंचविशीतली माणसं. तुमच्याच वयाची. सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून शाळा काढलेली, खिशात पैसे नाहीत, मनात आग. कोल्हापूरचं प्रकरण त्यांनी लावून धरलं. त्यातच बर्व्यांची म्हणून काही पत्रं तिसऱ्या हातून त्यांच्यापर्यंत आली. महाराजांविरुद्ध कारस्थान चालू आहे या संशयाला त्या पत्रांत थेट पुरावाच होता. त्यांच्या आधारे मजकूर छापला गेला.

इथे जरा थांबा आणि त्या पत्रांकडे संशोधकाच्या नजरेने बघा. ती कुणी दिली? देणाऱ्याला ती कुठून मिळाली? कारस्थान करणारा माणूस ते स्वतःच्या अक्षरात कागदावर का उतरवेल? त्याचं अक्षर पडताळायला दुसरा एखादा निर्विवाद कागद हाताशी आहे का? आणि सगळ्यात साधं : खुद्द बर्व्यांना कुणी विचारलं का? हे प्रश्न आज आपल्याला सोपे वाटतात, कारण आपल्याला शेवट माहीत आहे. त्या दोघांना तसं वाटलं नसावं. माझ्या मते याचं कारण उतावळेपणा एवढंच नाही. त्या पत्रांत तेच होतं जे त्यांना आधीपासून खरं वाटत होतं. आपल्याशी सहमत असलेला कागद आपण उलटतपासणीला उभा करत नाही, त्याला बसायला पाट देतो.

बर्व्यांनी फिर्याद केली. १८८२ चं वर्ष या मंडळींना वाईटच गेलं. खटला चालू असतानाच १७ मार्चला विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. जामिनाची अडचण आली तेव्हा धावून आले जोतीराव फुले. त्यांच्या शब्दावर रामशेठ बापूशेठ उरवणे दहा हजारांचा जामीन राहिले. फुल्यांची आणि या कंपूची मतं कुठेही जुळत नव्हती, तरी हे घडलं. (या एका जामिनावर एक अख्खा लेख होईल, पण तो पुन्हा कधीतरी.)

पत्रं बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली. तरी खटला थांबला नाही आणि १७ जुलै १८८२ ला दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. आगरकरांना सव्विसावं पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस, २३ जुलै, तुरुंगातच गेला. २६ ऑक्टोबरला ते सुटले तेव्हा लोकांनी त्यांचं जोरदार स्वागत केलं. आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तकही लिहिलं. तुरुंगातला काळ लोकांच्या लक्षात राहिला तो त्याग म्हणून, आणि दोघांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिलं तर त्यात खोटं काही नाही. फक्त त्या गजरात फिर्यादी पुसला गेला. न केलेल्या गोष्टीचा आरोप ज्याच्यावर छापून आला, त्या माणसाबद्दल आपल्याला काय माहीत असतं? ‘दिवाण बर्वे’, एवढंच.

आता कायद्याकडे येऊ, कारण मला तिथे एक अनपेक्षित गोष्ट सापडली. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४९९ अब्रुनुकसानीचं होतं. त्याला अपवाद होते. केलेलं विधान खरं असेल आणि ते लोकहितासाठी केलं असेल, तर तो गुन्हा नव्हता. आणखी एक अपवाद सद्भावनेने, लोकहितासाठी केलेल्या आरोपाचा. आपल्याला वाटतं, हेतू चांगला म्हणजे सद्भावना. पण त्याच संहितेच्या कलम ५२ मध्ये सद्भावनेची व्याख्या होती, आणि त्या व्याख्येत हेतूचा उल्लेखच नव्हता! योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली किंवा खरी मानलेली गोष्ट सद्भावनेने केली असं म्हणता येणार नाही, एवढंच तिथे म्हटलं होतं. म्हणजे मनात काय होतं हा प्रश्नच नाही. तपासलंत का, हा प्रश्न आहे.

ही व्याख्या मी माझ्या टेबलासमोर चिकटवली आहे. इथिक्स कमिटीच्या फॉर्मपेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

तुम्ही म्हणाल, पण संशय तर खरा निघाला ना? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. चौथ्या शिवाजी महाराजांना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. तिथे २५ डिसेंबर १८८३ ला, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं वीस. त्या मुलाचे हाल होत आहेत ही पुण्याची काळजी फुकाची नव्हती. पण म्हणून ती पत्रं खरी होत नाहीत, आणि बर्व्यांवरचा आरोपही सिद्ध होत नाही. उलट मला तर वाटतं, त्या कागदांनी महाराजांचंच नुकसान केलं. चर्चा त्यांच्या हालांवरून हटली आणि अक्षर कुणाचं यावर येऊन थांबली. बरोबर बाजूला उभं राहून चुकीचा पुरावा दिला की पहिला मार बाजूलाच बसतो.

आता माझी चूक. माझं काम एकोणिसाव्या शतकातल्या खासगी पत्रव्यवहारावर आहे. तिसऱ्या चॅप्टरला हवा तसा पुरावा मिळत नव्हता. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पत्राचा फोटो आला. एका संस्थानातल्या कामगाराने दुष्काळाच्या कामातले पैसे खाल्ल्याची त्यात जवळजवळ कबुलीच होती. मी नाचायची बाकी होते. दुसऱ्या आठवड्यात एका सेमिनारमध्ये मी ते पडद्यावर दाखवलं, नावासकट. फूटनोटमध्ये लिहिलं ‘खासगी संग्रह’. हे दोन शब्द किती सोयीचे आहेत ते तुम्हालाही लवकरच कळेल. मूळ पाहिलेलं नसलं तरी ते पाहिल्यासारखे वाटतात.

चहाच्या वेळी एक गृहस्थ भेटले. त्याच घराण्यातले. ते भांडले नाहीत. ‘मॅडम, मूळ पत्र कुठे आहे, बघायला मिळेल का?’ एवढंच म्हणाले. मी फोटो पाठवणाऱ्याला विचारलं, त्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. शेवटी मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, जंत्री काढली. पत्रावरची तारीख आणि वार जुळत नव्हते. त्या माणसाची दफ्तरातली इतर पत्रं मोडीत होती आणि हे एकच स्वच्छ बाळबोध लिपीत. दहा मिनिटांचं काम होतं.

गाईडना सांगितलं. ते म्हणाले, ‘आयोजकांना आणि त्या गृहस्थांना, दोघांनाही लिहा. आजच.’ माझा पहिला मसुदा असा होता : ‘सदर पत्राच्या अस्सलतेबाबत काही शंका उपस्थित झाल्याने ते तूर्तास मागे घेण्यात येत आहे.’ व्याकरण शुद्ध, आणि त्यात माणूस कुठेच नाही. शंका आपोआप उपस्थित झाली, पत्र आपोआप मागे गेलं. गाईडनी ‘कुणी?’ एवढंच समासात लिहून परत दिलं. दुसरा मसुदा : ‘मी मूळ पत्र पाहिलं नव्हतं. तरीही मी ते पुरावा म्हणून नावासह दाखवलं. ते बनावट आहे असं आता मला वाटतं, त्याची कारणं खाली देते.’ तीन वाक्यं लिहायला संध्याकाळ गेली. तो चॅप्टर अजूनही लंगडा आहे.

चार दिवसांनी त्या गृहस्थांचा फोन आला. ईमेल मिळाला म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, ‘आमच्या आत्या नव्वदीच्या आहेत. त्यांच्यापर्यंत तो फोटो पोचला आहे, रडत होत्या. ईमेल त्या वाचणार नाहीत. तुम्ही हेच कागदावर, मोठ्या अक्षरात लिहून द्याल का? खाली सही करून?’

मी लिहून दिलं. तारीख घालताना वारही घातला, आणि तो कॅलेंडरवर दोनदा पाहून घेतला.