नवताऱ्यांचा पहारा

१८९२च्या फेब्रुवारीत एडिंबराच्या वेधशाळेत एक निनावी पोस्टकार्ड येऊन पडलं. सारथी तारकासमूहात नवतारा दिसतोय, अशा मजकुराचं. शहानिशा केली, तर तारा हजर! कार्ड टाकणारे टॉमस अँडरसन कुठल्याच वेधशाळेत नोकरीला नव्हते. एक छोटी दुर्बीण आणि ताऱ्यांचे नकाशे, एवढंच भांडवल. १९०१ साली ययातीमधला नवतारा तर त्यांनी नुसत्या डोळ्यांनी हेरला. आकाश तोंडपाठ असलं की आगंतुक लपत नाही. नवतारे हेरण्याच्या विद्येचा पाया हाच.

आपल्याकडे ती का रुजली नसावी? १०५४चा अतिनवतारा भर दिवसा २३ दिवस दिसत होता, असं चिनी ज्योतिष्यांनी लिहून ठेवलंय. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय वाङ्मयात त्याचा माग काढला. निर्विवाद नोंद काही सापडली नाही. माझ्या मते ग्रह कुठे असायला हवा, याचं गणित आपल्याकडे पक्कं होतं. काल रात्री काय दिसलं, याची रोजवही नव्हती. कोल्हापूरची शाहूपुरी वसली गुळाच्या व्यापारासाठी. तिथल्या जुन्या अडत्याला विचारा, किर्दीत न चढलेला व्यवहार झालाच नाही, असं तो सांगेल.

आकाशाची ती किर्द भारतात घातली एका कारकुनी पेशाच्या माणसानं. बंगालातल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखणारे राधागोविंद चंद्र यांनी जून १९१८मध्ये गरुडातला नवतारा स्वतंत्रपणे टिपला. रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना १९११ साली निघाली होती. तिच्याकडे पुढे त्यांनी ३७ हजारांवर नोंदी धाडल्या, तेही प्रवेश परीक्षेत तीनदा नापास झालेल्या माणसानं!

नोंदीची रीत साधी आहे. संशयित ताऱ्याच्या आसपास एक जरा तेजस्वी आणि एक जरा मंद तारा निवडायचा, आणि आपला तारा त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवायचं. नकाशावर ताऱ्याशेजारी ६२ छापलेलं असतं, त्याचा अर्थ प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, ६.२; आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. दशांशचिन्ह मुद्दाम गाळतात, कारण टिंब आणि तारा यांत घोटाळा होतो.

आता नवे तारे हेरायचं काम यंत्रं करतात. आजच्या फोटोतून जुना फोटो वजा करायचा, उरेल तो नवा. मुंबईच्या आयआयटीनं बंगळूरच्या खगोलभौतिकी संस्थेच्या साथीनं लडाखमध्ये हान्लेला ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण बसवली. २०१८ साली तिनं पहिला वेध घेतला तो नवताऱ्याचाच.

तरी गच्चीवरच्या डोळ्यांना रजा नाही. उत्तर मुकुटातला एक तारा १८६६ आणि १९४६ साली भडकला होता. तिथे एक श्वेत बटू शेजारच्या तांबड्या राक्षसी ताऱ्याचा वायू ओढून घेतो. थर पुरेसा साचला की स्फोट होतो, तारा मात्र शाबूत राहतो, म्हणून पुनरावृत्ती. पुढची पाळी आता केव्हाही. दहाव्या प्रतीचा हा तारा काही तासांत दुसऱ्या प्रतीपर्यंत चढेल आणि आठवड्याभरात नजरेआड होईल. एवढ्या उजेडानं मोठ्या दुर्बिणींचे कॅमेरे दिपतात, तेव्हा साध्या डोळ्याची नोंद कामी येते. शाहूपुरीतून मे-जूनच्या रात्री तो जवळजवळ डोक्यावर असतो. स्वाती आणि अभिजित यांना जोडणाऱ्या रेषेजवळ, स्वातीपासून साधारण दोन पंचमांश अंतरावर बघा. स्टेशन रोडच्या दिव्यांतही दुसऱ्या प्रतीचा तारा लपायचा नाही. दिसला की आधी घड्याळ बघा, मग प्रत लिहा, आणि नोंद धाडताना वेळेतून साडेपाच तास वजा करा. जगभरच्या नोंदी ग्रिनिचच्या वेळेत चढतात.