फादर स्टीफन्स यांचे पहिले सतरा दिवस

१५७९ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या दहा तारखेस गोव्याहून एका तरुणाने लंडनला आपल्या वडिलांस एक लांबलचक पत्र लिहिले. गोव्याच्या बंदरात उतरून त्याला त्या दिवशी सतरा दिवस झाले होते. पत्र इंग्रजीत होते, कारण वडिलांशी बोलण्याची भाषा तीच. ज्या मुलखात तो आला होता तेथली भाषा त्याच्या कानांना अगदीच नवी होती. पुढे सदतीस वर्षांनी, १६१६ साली, याच माणसाने रचलेला सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचा ग्रंथ गोव्यात छापून निघाला. तो ग्रंथ म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’, आणि तो तरुण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स.

ख्रिस्तपुराण आपल्यापैकी पुष्कळांना निदान नावाने तरी ठाऊक असते. मराठी भाषेचा गौरव करणाऱ्या त्यातील ओव्याही अनेकांच्या कानांवरून गेलेल्या असतात. परंतु ते पुराण लिहिणारे स्टीफन्स हे साठी उलटलेले, या भूमीत पुरते मुरलेले गृहस्थ होते. आज आम्हांला गाठ घालून द्यायची आहे ती नुकत्याच जहाजावरून उतरलेल्या, पाय अजून जमिनीवर नीट न ठरलेल्या स्टीफन्सशी. परक्या मुलखात सेवेसाठी आलेला माणूस पहिल्या दोन-अडीच आठवड्यांत काय पाहतो, काय त्याच्या नजरेतून सुटते आणि त्या पहिल्या पाहण्यातून पुढे काय उगवते, हे जाणून घ्यायला त्यांचे पत्र फार मोलाचे आहे.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. त्यांच्या तरुणपणीचा काळ राणी एलिझाबेथचा. कॅथलिक पंथ पाळणे इंग्लंडात धोक्याचे झाले होते. थॉमस पाउंड नावाच्या मित्राबरोबर रोमला निघून जावे असा स्टीफन्स यांचा बेत होता, पण पाउंड पकडले गेले आणि तुरुंगात पडले. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाले. म्हणजे गोव्याला येण्यापूर्वीच हा तरुण स्वदेशाला पारखा झालेला होता. आपण ज्याला ‘परदेशगमन’ म्हणतो त्याची पहिली पायरी त्याने इंग्लंड सोडले तेव्हाच ओलांडली होती.

१५७९ च्या एप्रिल महिन्याच्या चार तारखेस लिस्बनहून पाच जहाजांचा काफिला निघाला. कर्णे वाजले, तोफांची सलामी झाली. या थाटामाटानंतर जे सुरू झाले त्याचा हिशेब स्टीफन्स यांनी वडिलांना मोठ्या तपशिलाने दिला आहे. गिनीच्या किनाऱ्यालगतचा उकाडा आणि वारा पडल्यामुळे ताटकळलेली जहाजे, उडते मासे, शार्क आणि त्याच्या अंगाअंगाने पोहणारे लहान मासे, हे सारे त्यात आले आहे. आफ्रिकेचे दक्षिण टोक त्यांनी २९ जुलैला ओलांडले. उशीर झाल्याने मादागास्करच्या बाहेरून जाणारा लांबचा मार्ग घ्यावा लागला, आणि मग दुखणे आले. हिरड्या सुजून इतक्या वाढत की त्या कापून टाकाव्या लागत. पाय सुजत, सर्वांग दुखे, हातपाय हलवता येत नसत. हा स्कर्व्हीचा रोग. ताजी फळे व भाजीपाला न मिळाल्याने तो होतो हे आज शाळकरी मुलालाही सांगता येईल. त्या काळच्या खलाशांना तो समुद्राचा शापच वाटे. स्टीफन्स यांच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. हा आकडा इतर वेळांच्या मानाने थोडाच, अशी त्यांच्या लिहिण्याची तऱ्हा आहे. त्यावरून इतर वेळी काय होत असेल याची कल्पना करावी.

या प्रवासवर्णनातला एक भाग आम्हांला विशेष लक्षणीय वाटतो. पूर्व-पश्चिम दिशेने जहाज हाकणे कठीण का, हे ते वडिलांना समजावून देतात. उत्तर-दक्षिण अंतर आकाशावरून मोजता येते. पूर्व-पश्चिम अंतर मोजायला मात्र आकाशात एकही स्थिर बिंदू नाही. म्हणून नावाडी बारीकसारीक खुणांवर भिस्त ठेवतात. कोणत्या जागी कोणता पक्षी दिसला, पाण्यावर काय तरंगले, होकायंत्राची सुई किती कलली, याची ते टिपणे ठेवतात. तरीही चूक व्हायची ती झालीच. हिंदुस्थान जवळ आला असे वाटत असता जहाज सोकोत्रा बेटाच्या बाजूला गेले होते. पुढे एक दिवस हिंदुस्थानचे पक्षी दिसले, मग पाण्यावर माडाच्या झावळ्या दिसल्या, मग पोहणारे साप दिसले. आणि २४ ऑक्टोबरला गोवा आले. समुद्रावर दोनशे तीन दिवस गेले होते.

आता ते सतरा दिवस. पत्राचा बहुतेक भाग प्रवासाने व्यापला आहे. गोव्यासाठी थोड्याच ओळी उरल्या आहेत. पण त्या ओळी सावकाश वाचाव्यात. आपले येथे फार प्रेमाने स्वागत झाले, असे ते प्रथम सांगतात. नंतर लोकांचा वर्ण सांगतात, तो सावळा. अंगलट सांगतात, आणि ती सांगताना आफ्रिकेतील लोकांविषयी त्या काळच्या युरोपियनांचा ठरीव तुच्छतेचा शब्द त्यांच्याही लेखणीतून उतरतो. पुढे साध्या लोकांचा पोशाख येतो. कमरेला एक दोरा आणि पुढे वीतभर कापड, एवढ्यावर हे लोक वावरतात, असे लिहून ते एक वाक्य जोडतात. त्याचा भावार्थ असा, की एवढ्याशा वस्त्रातही हे लोक स्वतःला, साऱ्या नटव्या पोशाखातल्या आपल्याइतकेच नीटनेटके समजतात.

हे वाक्य थट्टेचे आहे की कौतुकाचे? आमच्या मते दोन्हीही थोडेथोडे आहे. परंतु त्यात एक गोष्ट निःसंशय आहे. समोरचा माणूस स्वतःला काय समजतो, हा प्रश्न या नवख्याच्या मनात सतरा दिवसांच्या आत उठला. पुष्कळांच्या मनात तो सतरा वर्षांतही उठत नाही.

झाडांविषयीही त्यांनी असेच प्रांजळपणे लिहिले आहे. येथे आतापर्यंत एका द्राक्षवेलीखेरीज युरोपात पाहिलेले एकही झाड दिसले नाही, आणि तिचाही येथे उपयोग नाही, दारू सारी पोर्तुगालहून येते, असे ते म्हणतात. येथले पेय म्हणजे चांगले पाणी किंवा माडाची ताडी. झाडाफळांविषयी आता सांगत नाही. सांगू लागलो तर एवढेच दुसरे पत्र होईल, असे म्हणून ते थांबतात. जे समजले नाही त्याविषयी गप्प राहण्याची ही वृत्ती नव्या माणसात दुर्मिळ असते. बदली होऊन आलेल्या माणसाने आठ दिवसांत गावाची सारी लक्षणे सांगून टाकावी आणि बिऱ्हाड हलवीपर्यंत त्यांतच अडकून राहावे, हा अनुभव आपल्या बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या गावाला काही नवा नाही.

या सतरा दिवसांच्या वृत्तांतात एक मोठी उणीव आहे. त्यात रंग आहे, वस्त्र आहे, खाणेपिणे आहे. लोकांचे बोलणे मात्र नाही. नवख्याचे डोळे पहिल्या दिवसापासून काम करू लागतात, कान मागाहून उघडतात. याचा पडताळा घ्यायला गोव्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात घाटावरची बोली निराळी आणि घाटाखालची निराळी. मलकापूर-शेगावकडची मुलगी मेहकर-देऊळगावराजाकडे दिली, तर सासरचे घर तिला पहिल्याच दिवशी दिसते. पण त्या घरातले बोलणे, त्यातला रुसवा आणि त्यातली माया ओळखू यायला महिने लागतात. एकाच मराठीत ही गत, मग समुद्रापलीकडून आलेल्याची काय कथा!

स्टीफन्स यांचे कान किती उघडले हे चार वर्षांनी दिसून येते. १५८० साली त्यांना गोव्यातच धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि नंतर साष्टीच्या मुलखात त्यांचे काम सुरू झाले. १५८३ च्या ऑक्टोबरात त्यांनी भावाला पत्र लिहिले. त्यात येथील भाषांचा उच्चार कानाला गोड लागतो आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, असे निरीक्षण आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मुळातून आल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध प्रतिपादन १७८६ सालचे. त्याच्या दोनशे वर्षे आधी या पाद्र्याने खेडुतांच्या बोलण्यात तीच नातेवाईक खूण ओळखली होती. पुढे त्यांनी कोंकणी भाषेचे व्याकरण रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले.

येथवर कथा गोड आहे. पण इतिहासाला एवढ्यावर थांबता येत नाही. आपल्या या भागाला परमुलखातून येऊन मराठीत बोलणाऱ्या एका थोर पुरुषाची ओळख स्टीफन्स यांच्या तीनशे वर्षे आधीपासून आहे. श्रीचक्रधरस्वामी गुजरातेतून आले. मेहकर आणि लोणार येथल्या त्यांच्या लीळा ‘लीळाचरित्रा’त आलेल्या आहेत. त्यांनीही लोकांच्या भाषेतच आपले निरूपण केले. परंतु चक्रधरस्वामींच्या पाठीशी कोणाची फौज नव्हती. स्टीफन्स यांच्या पाठीशी होती. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते. १५६७ साली साष्टीतली देवळे पाडण्यात आली होती. ज्या साष्टीत स्टीफन्स यांनी भाषा शिकून घेतली, तेथल्या लोकांनी आपली देवळे जळताना पाहिली होती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले, आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या मुखत्यारांना वाटाघाटीच्या मिषाने बोलावून त्यांची कत्तल केली. भाषेच्या घडणीचे कौतुक ज्या पत्रात आहे, त्याच १५८३ च्या पत्रात कुंकळ्ळीत पडलेल्या जेझुइट बांधवांची हकीकतही आहे. सतरा दिवसांच्या पाहुण्याला जे प्रेमळ स्वागत आठवले ते त्याच्या बांधवांनी केलेले होते. साष्टीच्या शेतकऱ्याने त्याचे स्वागत केले असते की नाही, हा प्रश्न त्या पत्रात नाही. तो आपण विचारला पाहिजे.

मग अशा माणसाचे ऋण मानावे की त्याच्या नावे दोष लिहावा? आमचे मत असे, की दोन्ही रकमा एकाच खात्यावर, एकमेकींना न पुसता लिहाव्यात. ख्रिस्तपुराण हा धर्मप्रसाराचा ग्रंथ आहे. जुनी पुराणे हिरावली गेलेल्या नवख्रिस्ती लोकांच्या हाती त्यांच्या जागी काही द्यावे म्हणून तो रचला गेला. पण तो रचताना स्टीफन्स यांनी मराठी संतकवींची ओवी उचलली. जुन्या कवींचे कठीण शब्द लोकांना कळत नाहीत म्हणून ते टाळले आणि त्यांच्या नित्याच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून रोमन लिपीत ग्रंथ छापला. राज्यकर्त्यांची भाषा लोकांवर लादण्याऐवजी लोकांच्या भाषेपुढे स्वतःची जीभ वळवण्याचे कष्ट त्यांनी घेतले. हे कष्ट किती वेगळे होते हे पुढच्या घटनेने कळते. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने फर्मान काढून तेथल्या लोकभाषेच्या वापरावरच बंदी घातली. ज्या सत्तेच्या सावलीत स्टीफन्स आले, तिला त्यांनी शिकलेली भाषा पुढे सहन झाली नाही.

स्टीफन्स १६१९ साली गोव्यातच वारले. इंग्लंड त्यांनी पुन्हा पाहिले नाही. चाळीस वर्षांच्या त्या सेवेकडे मागे वळून पाहताना आम्हांला पुन्हा त्यांचे ते पहिले पत्र आठवते. माणसे डोळ्यांनी पाहिली, झाडे ओळखली नाहीत, त्यांच्यासाठी दुसरे पत्र लागेल, असे तीस वर्षांच्या नवख्याने लिहिले होते. वृद्धपणी मराठीची थोरवी सांगायची वेळ आली तेव्हा उपमानांसाठी त्यांना युरोपातले काही आठवले नाही. येथलीच फुले, येथलेच सुगंध, येथलाच मोर आणि येथल्याच पुराणांतला कल्पवृक्ष त्यांच्या ओव्यांत उतरला. सतराव्या दिवशी ज्या झाडांची नावे त्यांना ठाऊक नव्हती, ती त्यांनी अखेर शिकून घेतली होती.