कोळी, द्रष्टा आणि साक्षीदार

रॉबर्ट ब्रूस आणि कोळ्याची गोष्ट आपल्याकडे शाळेत गेलेल्या बहुतेकांना ठाऊक असते. हरलेला राजा, अंधारी गुहा, पुन्हा पुन्हा पडून शेवटी धागा जोडणारा कोळी, आणि त्यावरून धडा घेऊन लढाईला निघालेला ब्रूस. १३१४ साली बॅनकबर्नच्या लढाईत ब्रूसने इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याचा पराभव केला, हा इतिहास आहे. कोळ्याचे मात्र तसे नाही. जॉन बार्बर या कवीने १३७५ च्या सुमारास ब्रूसवर मोठे काव्य लिहिले. त्यात कोळी नाही. सतराव्या शतकात डग्लस घराण्याच्या इतिहासात कोळी सापडतो, पण तिथे त्याला पाहणारा ब्रूस नसून त्याचा सरदार जेम्स डग्लस आहे. हा कोळी राजाच्या नजरेसमोर आणून जगप्रसिद्ध केला तो कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने, १८२७-२८ मध्ये आपल्या नातवासाठी लिहिलेल्या गोष्टीरूप इतिहासात. म्हणजे लढाईनंतर पाचशे वर्षांनी.

उर्दू वाचणाऱ्यांना ही गोष्ट वेगळ्या नावाने माहीत आहे. तिथे राजा तैमूर आहे आणि कोळ्याच्या जागी दाणा घेऊन भिंतीवर चढणारी मुंगी आहे. किस्सा तोच, पात्रे बदललेली. वर्गात ही दोन्ही रूपे सांगितली की एखादे पोर हमखास विचारते, "सर, मग खरं कोणतं?" प्रश्न साधा आहे, पण इतिहास शिकवणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते. "दोन्ही खोटे" म्हणून मोकळे होता येते. पण गोष्ट खोटी ठरवली म्हणजे तिचे काम संपले, असे मला वाटत नाही. स्कॉटलंडचा इतिहास मला आवडतो तो यासाठी, की त्या देशाने आपल्या गोष्टी नुसत्या सांगितल्या नाहीत. त्या कोणी सांगितल्या, कधी सांगितल्या आणि का सांगितल्या, याचीही नोंद ठेवली.

या नोंदीचे श्रेय मोठ्या प्रमाणात जॉन फ्रान्सिस कॅम्बेल याला जाते. तो पश्चिमेकडच्या आयला बेटाच्या जमीनदाराचा मुलगा. लहानपणी घरच्या नोकरमाणसांबरोबर राहून तो गेलिक भाषा शिकला. पुढे कर्जापायी घराण्याच्या हातून सारे बेट गेले, पण भाषा त्याच्याकडे राहिली. १८६० ते १८६२ या काळात त्याने पश्चिम हायलँड्समधल्या लोककथांचे चार खंड प्रसिद्ध केले. त्यात मूळ गेलिक आणि शेजारी इंग्रजी भाषांतर आहे, आणि कथेबरोबर ती कोणी सांगितली, कुठे सांगितली, कोणी लिहून घेतली हेही दिले आहे. सांगणारे कोण? कोळी, मजूर, म्हातारे शेतकरी, गुरे हाकणारे. उर्दूत कथा सांगणाऱ्याला आपण 'रावी' म्हणतो, आणि रावी कोण हे कळल्याशिवाय रिवायतीला वजन येत नाही. कॅम्बेलने कोणताही सिद्धांत न मांडता हेच केले.

या कामात त्याचा उजवा हात होता हेक्टर मॅक्लीन, आयला बेटावरचा एक शाळामास्तर. गावोगाव बसून ऐकणे, ऐकले तसे उतरवणे, आपल्या पदरची भर न घालणे, हे त्याने केले. एक शिक्षक म्हणून मला या माणसाचे फार अप्रूप आहे. कारण त्या काळात गावच्या जुन्या गोष्टींना अडाणीपणा मानणाऱ्यांत धर्मगुरूंबरोबर शाळामास्तरही पुढे असत. एक मास्तर त्या गोष्टी पुसत होता, दुसरा मास्तर त्या लिहून घेत होता.

आता या गोष्टी सांगणाऱ्यांवर काय गुदरले ते पाहू. १६ एप्रिल १७४६ रोजी इन्व्हर्नेसजवळ कलोडनच्या माळावर चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्टच्या बाजूने लढणारी हायलँडर फौज तासाभराच्या आत कापली गेली. त्यानंतर टोळीप्रमुखांचे न्यायदानाचे वंशपरंपरागत अधिकार गेले. पुरुषांना हायलँडचा पारंपरिक पोशाख घालायला कायद्याने बंदी झाली. ती १७८२ पर्यंत टिकली. बंदीतून सूट होती फक्त राजाच्या सैन्यातल्या पलटणींना. म्हणजे बापजाद्यांचा पोशाख उजळ माथ्याने घालायचा, तर ज्याने हरवले त्याच्याच फौजेत भरती व्हायचे.

पुढे जमिनीचा हिशेब बदलला. प्रमुखाला आता लढायला माणसे नको होती, खंड हवा होता. कुळांपेक्षा मेंढ्यांतून पैसा जास्त येत होता. १७९२ हे साल गेलिक लोकांच्या आठवणीत 'मेंढ्यांचे वर्ष' म्हणून राहिले. त्या वर्षी रॉस परगण्यातल्या कुळांनी हजारो मेंढ्या हाकलून परगण्याबाहेर काढायचा प्रयत्न केला. तो मोडायला आलेली पलटणही हायलँडरच होती. १८१४ मध्ये सदरलँडच्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात पॅट्रिक सेलर या कारभाऱ्याने घरे पेटवून माणसे बाहेर काढली. १८१६ साली त्याच्यावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. कागदोपत्री प्रकरण मिटले. लोकांच्या तोंडी ते आजही मिटलेले नाही.

याच काळाशी जोडलेली गोष्ट आहे ब्राहनच्या द्रष्ट्याची. त्याचे नाव कोन्याख ओअर. भोकाच्या दगडातून पाहून तो भविष्य सांगे. गोष्टीप्रमाणे तो सतराव्या शतकात सीफोर्थच्या मॅकेंझी घराण्याच्या आश्रयाला होता. सीफोर्थचा अर्ल पॅरिसला गेला असताना त्याच्या पत्नीने विचारले, "माझा नवरा कुठे आहे?" द्रष्ट्याने आधी टाळले, फार आग्रह झाल्यावर सांगितले, "परस्त्रीजवळ." भर दरबारात अपमान झाला म्हणून तिने त्याला डांबराच्या पिंपात जाळायला लावले. मरताना त्याने शाप दिला: या घराण्याचा शेवटचा प्रमुख बहिरा-मुका असेल, त्याच्या देखत त्याचे चारही मुलगे मरतील, आणि पूर्वेकडून येणारी पांढरी टोपी घातलेली मुलगी सारे वतन घेईल.

आता कागद पाहू. फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेंझी हा लॉर्ड सीफोर्थ लहानपणीच्या तापामुळे बहिरा झाला होता. त्याचे मुलगे त्याच्या आधी गेले. १८१५ च्या जानेवारीत तो वारला आणि वतन मुलगी मेरीकडे गेले. तिचा नवरा, आरमाराचा अधिकारी सर सॅम्युएल हूड, काही दिवसांपूर्वीच मद्रासला मरण पावला होता. पूर्वेकडून आलेली विधवा, आणि 'हूड' म्हणजे डोके झाकायची टोपी! अंगावर काटा यावा असा मेळ. पण द्रष्ट्याची ही सगळी भाकिते एकत्र छापली गेली १८७७ मध्ये, सारे घडून गेल्यानंतर साठ वर्षांनी. शाप आपण आधीच ऐकला होता असे सांगणारे लोक होते, पण सतराव्या शतकातला कागद नाही. उलट कोन्याख ओअर या नावाच्या माणसाला जादूटोण्याच्या आरोपावरून पकडण्याचा हुकूम आहे तो १५७७ सालचा, म्हणजे गोष्टीतल्या काळाच्या पाऊणशे वर्षांहून अधिक आधीचा.

मग ही गोष्ट फेकून द्यायची का? मला ती वेगळ्या अर्थाने खरी वाटते. ज्या लोकांना जमीनदाराविरुद्ध कोर्टात न्याय मिळाला नाही, त्यांनी गोष्टीत निकाल लावला. आमच्यातल्या एकाला जाळणाऱ्या घराण्याचा दिवा विझला, असे ते शेकोटीभोवती बसून सांगत. भाकीत म्हणून ती खोटी असेल, पण दुःखाची नोंद म्हणून तिच्याइतका पक्का दस्तऐवज दुसरा नाही.

हाच लॉर्ड सीफोर्थ आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही डोकावतो. त्याने १७९३ मध्ये, मेंढ्यांच्या वर्षानंतर वर्षभरातच, आपल्या मुलखातून ७८ वी हायलँडर पलटण उभी केली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्या फौजांविरुद्ध वेलस्लीच्या बाजूने जी गोरी पायदळे लढली, त्यांत ही ७८ वी आणि दुसरी हायलँडर ७४ वी पलटण होती. ज्यांच्या मुलखात कुळांच्या जागी मेंढ्या येत होत्या, ते तरुण आपल्या मातीत दुसऱ्याचे राज्य बुडवायला आले होते. असईची लढाई शिकवताना 'इंग्रज' हा एकच शब्द वापरून आपण पुढे जातो. त्या शब्दाच्या पोटात किती हरलेली माणसे होती, हे मुलांना सांगायला हवे असे मला वाटते. त्याने त्यांची जबाबदारी कमी होत नाही, पण साम्राज्य कसे चालते ते मात्र कळते.

स्कॉटलंडमध्ये या आठवणींचे पुढे जे झाले, ते सर्वांत मोलाचे. १८८२ मध्ये स्काय बेटावरच्या ब्रेज इथे कुळांची पोलिसांशी चकमक झाली, तेव्हा सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. अध्यक्ष होते लॉर्ड नेपियर. हेच पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते, आणि १८७२ मध्ये लॉर्ड मेयोच्या खुनानंतर काही आठवडे हिंदुस्थानचे प्रभारी व्हाइसरॉयही. १८८३ च्या मे महिन्यात ब्रेजमध्ये पहिली बैठक झाली. पहिला साक्षीदार अँगस स्ट्युअर्ट उभा राहिला आणि गेलिकमधून त्याने आधी एकच गोष्ट मागितली: मी इथे बोललो म्हणून मला जमिनीवरून हाकलणार नाही, असा शब्द द्या. भीती केवढी होती ते या एका मागणीवरून कळते. तरीही सातशेहून अधिक लोक गावोगावी बोलले. कोणती वाडी कोणत्या साली उठवली, किती घरे होती, माणसे कुठे गेली. हे त्यांच्याकडे कागदावर नव्हते. आजोबांकडून ऐकलेले होते. आयोगाने ते लिहून घेतले, आणि १८८६ च्या कायद्याने कुळांना जमिनीवरून उठवण्याला आळा बसला. गेलेली जमीन परत मिळाली नाही, पण शेकोटीभोवतीची गोष्ट सरकारदरबारी पुरावा ठरली.

दैव असे की ज्या भाषेत ही साक्ष झाली, तीच भाषा शाळेतून हद्दपार होत होती. १८७२ च्या शिक्षण कायद्याने शाळा सक्तीची केली आणि गेलिकचा साधा उल्लेखही केला नाही. कित्येक शाळांत गेलिक बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होई. मुले इंग्रजी शिकली, आजी गेलिकच बोलत राहिली, आणि दोघांमधली गोष्ट तुटली. एका घरात दोन लिप्या, दोन बोली नांदताना मी रोज पाहतो, त्यामुळे ही तूट काय असते ते मला वेगळे समजवावे लागत नाही.

१९५१ मध्ये एडिंबरा विद्यापीठात 'स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज' सुरू झाले. रासे बेटावरचा कॅलम मॅक्लीन ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन घरोघर फिरला. १९५७ साली कर्करोगाने त्याचा एक हात गेला, तरी १९६० मध्ये मृत्यू येईपर्यंत तो हे काम करत राहिला. हॅमिश हेंडरसन भटक्या 'ट्रॅव्हलर' लोकांच्या तंबूत जाऊन बसला. गावाने ज्यांना कधी उंबऱ्याच्या आत घेतले नाही, त्यांच्याकडे गाण्यांचा आणि कथांचा सर्वांत मोठा साठा निघाला. २०१० पासून हे आवाज 'तोबर अन दुआलखश' या नावाने इंटरनेटवर ऐकता येतात. या गेलिक शब्दांचा अर्थ होतो, वारशाची विहीर.

"सर, हे खरं आहे का?" याला आता मी तीन प्रश्नांनी उत्तर देतो. ही गोष्ट प्रथम कोणी लिहिली? ती सांगणाऱ्यांचे काय हरवले होते? आणि ती सांगून त्यांना काय मिळत होते? कोळी पहिल्या प्रश्नाला टिकत नाही. द्रष्टा दुसऱ्या प्रश्नावर बोलू लागतो. अँगस स्ट्युअर्ट तिन्ही प्रश्नांना पुरून उरतो. आपल्या वस्तीत, वाड्यात, दर्ग्याच्या ओट्यावर अजून काही रावी बसलेले आहेत. त्यांच्यासमोर वही उघडायला विद्यापीठाची वाट पाहायची गरज नाही. हेक्टर मॅक्लीनही एका बेटावरचा साधा मास्तरच होता.