आम्ही बिल्ला घेणार नाही

जून १८६७. अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा डोंगरात रेल्वेचं काम चाललंय. कंपनी सेंट्रल पॅसिफिक. कातळात बोगदे खोदायचे, सुरुंग लावायचे, हिवाळ्यात बर्फाखाली बीळ करून राहायचं. हे काम करणारे दहातले आठ-नऊ जण चिनी. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातली शेतकऱ्यांची पोरं. गोऱ्या मजुराचं खाणं-राहणं कंपनीचं, चिन्याचं पदरचं.

एके दिवशी हजारोंनी पहारी खाली ठेवल्या. महिना ४० डॉलर द्या, कामाचे तास कमी करा, एवढंच मागणं. दंगा नाही, दगड नाही. तंबूत जाऊन गप बसले. कंपनीच्या चार्ल्स क्रॉकरनं डोंगरात वर जाणारं धान्यच बंद केलं. आठवडाभरात संप मोडला.

संप कसा मोडतात हे गिरणीतल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण रात्रपाळीच्या सुट्टीत हे वाचताना मला दुसरीच गोष्ट टोचली. त्याच दिवसांत मालकांच्या डोक्यात एक बेत होता. नुकतेच गुलामीतून सुटलेले काळे मजूर आणायचे आणि चिन्यांच्या जागी उभे करायचे. एका भुकेल्याच्या हातानं दुसऱ्या भुकेल्याचा गळा दाबायचा. १० मे १८६९ ला रेल्वे जोडली गेली. त्या दिवसाचा फोटो जगभर गाजला. शॅम्पेनच्या बाटल्या दिसतात, टोप्या दिसतात. ज्यांनी डोंगर फोडला ते चिनी शोधून सापडत नाहीत.

दोस्तांनो, चिन्याचं तोंड त्याआधीच बंद करून ठेवलं होतं. लिंग सिंग नावाच्या चिन्याचा खून झाला. जॉर्ज हॉल नावाच्या गोऱ्याला चिनी साक्षीदारांच्या जबानीवर शिक्षा झाली. १८५४ साली कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ कोर्टानं ती रद्द केली. काळ्यांनी आणि इंडियनांनी गोऱ्याविरुद्ध साक्ष देऊ नये असा कायदा होता. कोर्ट म्हणालं, चिनीसुद्धा त्यातच आला. म्हणजे काय? चिन्याला मारायला काही हरकत नाही, फक्त बघायला गोरा माणूस नको.

आता यापुढची गोष्ट लपवली तर मी खोटा ठरेन. या निकालावर सॅन फ्रान्सिस्कोचे चिनी व्यापारी चिडले. त्यांच्या तक्रारीत असंही होतं की आम्हा सुसंस्कृत लोकांना काळ्यांच्या आणि इंडियनांच्या रांगेत कसं बसवता? ज्याच्या डोक्यावर पाय, त्यालाही खाली कुणीतरी लागतो. बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. ही शिडी फक्त आपल्याच गावात नाही.

शिडीच्या वरच्या पायरीवर गोरा कामगार उभा होता. १८७७ साली सॅन फ्रान्सिस्कोत डेनिस कर्नीनं वर्किंगमेन्स पार्टी काढली. कर्नी स्वतः आयर्लंडहून आलेला. बोलणं भांडवलदारांविरुद्ध, आणि प्रत्येक भाषणाचा शेवट एकच : चिन्यांना हाकला! मालक कमी मजुरीत चिन्याला राबवायचा, आणि गोरा कामगार मालकाला सोडून चिन्याच्या झोपडीला काडी लावायचा. २ सप्टेंबर १८८५ ला वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्जच्या कोळसा खाणीवर २८ चिनी कामगार मारले गेले. मारणारेही खाणकामगारच. शिक्षा एकालाही नाही.

कामगारांची एकजूट ही फार गोड घोषणा आहे. पण १९२८ च्या मुंबईच्या संपात बाबासाहेबांनी विचारलं होतं, साचेखात्यात अस्पृश्याला काम का नाही? धोट्यातून धागा तोंडानं ओढायचा, म्हणून त्याची थुंकी चालत नव्हती. तो सवाल सोडवल्याशिवाय जी एकजूट होते ती कर्नीची एकजूट.

१८८२ साली अमेरिकन काँग्रेसनं कायदाच केला. चिनी मजुरांनी दहा वर्षं यायचं नाही, आणि जे आहेत त्यांना नागरिकत्व नाही. एका देशाच्या माणसांचं नाव घेऊन दार बंद करणारा तो तिथला पहिला कायदा.

पुस्तकं इथपर्यंत येतात आणि 'बिचारे' म्हणून थांबतात. पण हे लोक बिचारे नव्हते. ते लढले.

सॅन फ्रान्सिस्कोत चिन्यांची शेकडो धुलाईघरं होती. नगरपालिकेनं नियम काढला, लाकडी इमारतीत धुलाईघर चालवायचं तर परवाना घ्या. नियमात चिनी हा शब्द नाही. दिसायला किती साधा! दोनशे चिन्यांनी अर्ज केले, सगळे नामंजूर. ऐंशीएक इतरांनी केले, एक सोडून सगळे मंजूर. यिक वो हे एका धुलाईघराचं नाव. त्याचा मालक बावीस वर्षं त्याच जागी धंदा करत होता. त्यानं दंड भरला नाही, तुरुंगात गेला. धुलाईवाल्यांची संघटना पाठीशी उभी राहिली, वकील लावला. १० मे १८८६ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की कायदा दिसायला सरळ असला तरी तो वाकड्या डोळ्यानं आणि असमान हातानं राबवला तर तो समतेचा भंगच आहे. १९५२ साली आपल्या सुप्रीम कोर्टानं अन्वर अली सरकार खटल्यात कलम १४ चा अर्थ लावताना या धुलाईवाल्याच्या खटल्याचा आधार घेतला. दुसऱ्याचे कपडे धुणाऱ्या माणसानं आपल्या समतेच्या कलमाला बळ दिलं, हे ध्यानात ठेवा.

१८९२ साली गियरी कायदा आला. प्रत्येक चिनी मजुरानं दाखला घ्यायचा, जवळ बाळगायचा. नसेल तर अटक, सक्तमजुरी, हद्दपारी. दाखला नसला तर, कायदा झाला तेव्हा आपण अमेरिकेत राहत होतो हे सिद्ध करायला गोरा साक्षीदार पाहिजे. लोक म्हणाले, हा कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला आहे, आम्ही घेणार नाही. चिन्यांच्या सहा कंपन्या नावाच्या संघटनेनं हुकूम काढला, नोंदणी करू नका, माणशी एक डॉलर द्या, कोर्टात लढू. न्यूयॉर्कात वोंग चिन फू या पत्रकारानं चिनी समान हक्क संघ काढला. या बहाद्दरानं पूर्वी कर्नीला द्वंद्वाचं आव्हान दिलं होतं. हत्यार तूच निवड म्हणाला : चिनी काड्या, आयरिश बटाटे की तोफा! मुदत संपली तेव्हा बहुसंख्य चिन्यांनी बिल्ला घेतलेला नव्हता. गांधींचा दक्षिण आफ्रिकेतला नोंदणीविरोधी सत्याग्रह यानंतर तेरा-चौदा वर्षांनी सुरू झाला.

१८९३ मध्ये कोर्टात पाच विरुद्ध तीन मतांनी ते हरले. मुदत वाढवून मिळाली, आणि मग बहुतेकांना दाखला घ्यावा लागला. हरले, हे मी लपवत नाही. पण हरण्याआधी नाही म्हणाले होते.

पुढं वोंग किम आर्क. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी. १८९५ मध्ये चीनहून परतला तर बंदरातच अडवला. म्हणे, तू अमेरिकन नाहीस. तो म्हणाला, मी इथं जन्मलो. १८९८ साली कोर्टानं सहा विरुद्ध दोन मतांनी मान्य केलं की जो इथं जन्मला तो इथला नागरिक. विरोधातल्या दोघांत न्यायमूर्ती हार्लन होते. दोनच वर्षांपूर्वी काळ्यांच्या वेगळ्या डब्याविरुद्ध एकटे उभे राहिलेले हेच हार्लन. तिथंही त्यांनी चिन्याविषयी वाईटच लिहिलं होतं. म्हणून सांगतो, आपला वाटणारा माणूससुद्धा कुठल्या पायरीवर थांबतो ते बघून घ्यावं. २०२५ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षानं जन्मसिद्ध नागरिकत्व आखडण्याचा हुकूम काढला. तेव्हा त्याविरुद्ध कोर्टात उभं राहणाऱ्यांना या स्वयंपाक्याचंच नाव घ्यावं लागलं.

याच्यासमोर आता आपल्या देशातून गेलेला माणूस ठेवा. भगतसिंग थिंड, पंजाबचा, अमेरिकन फौजेत राहिलेला. नागरिकत्व गोऱ्यांना मिळतं म्हणून तो कोर्टात म्हणाला, मी उच्चजातीचा आहे, आर्य आहे, म्हणजे गोरा आहे. अमेरिकन माणूस काळ्याकडे जसं बघतो तसंच आम्ही आमच्या देशातल्या मूळच्या लोकांकडे बघतो, असा त्याच्या बाजूचा युक्तिवाद. १९२३ मध्ये कोर्टानं त्यालाही बाहेर काढलं. सात समुद्र ओलांडताना त्यानं पेटीत जात नेली होती, आणि तिथं ती कामाला आली नाही. यिक वोनं मी गोरा आहे असं म्हटलं नाही. मी धंदा करतो, माझा हक्क द्या, म्हणाला. दोघांत फरक एवढाच आणि एवढा मोठा.

१९१० ते १९४० पर्यंत एंजल बेटावर येणाऱ्या चिन्यांना कोंडून ठेवत. आठवडे, महिने. त्यांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. वरून रंग दिला, पुट्टी भरली, तरी अक्षरं राहिली. दोनशेच्या वर कविता सापडल्या. १९४३ साली बंदीचा कायदा उठला. जपानविरुद्धच्या युद्धात चीन दोस्त झाला होता म्हणून. वर्षाला १०५ माणसांना परवानगी! उपकारच की!

दोस्तांनो, मी शाळेत फार शिकलो नाही. पण एवढं समजलं. आपलं दुःख एकट्याचं नाही, आणि म्हणून शिडीवर एक पायरी वर सरकून ते संपत नाही. शिडीच मोडावी लागते. कुणी बिल्ला पुढं केला, आणि तो आपल्यासाठी नसून खालच्यासाठी असला, तरीही म्हणायचं : नाही.