लेझर: लोखंड कापणारा आणि आजार शोधणारा उजेड

लेझरने कापलेली नक्षी आता आपल्याकडे कुणाला नवी नाही. फाटकाची जाळी, देवघराची कमान, दुकानाची पाटी, सगळं त्याच यंत्रावर होतं. साखळीहून होंडा, पिसुर्ले किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत रोज कामाला जाणारे बरेच आहेत, आणि अशी यंत्रं आता लहान कारखान्यांतही आली आहेत. पण यामागचं देशी संशोधन कुठे आणि कशासाठी झालं, हे सहसा कुणी सांगत नाही. त्यातला मोठा भाग इंदूरला झाला आणि त्याच्या सुरुवातीला एक मराठी नाव आहे.

थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत पहिला लेझर चालवला तो १६ मे १९६० रोजी. पुढच्या चारच वर्षांत, १९६४ साली, तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात गॅलियम आर्सेनाइडचा देशी लेझर तयार झाला. या केंद्रात लेझर विभाग उभा करणारे डॉ. दिलीप देवीदास भवाळकर १९४० साली मध्य प्रदेशातल्या सागर इथे जन्मले. (पेशवाईपासून मराठी घरं नांदलेलं हे गाव.) शिक्षण सागरला, डॉक्टरेट इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला. इंदूरला सुखनिवास तलावाकाठी प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला १९ फेब्रुवारी १९८४ रोजी बसली, आणि भवाळकर त्याचे पहिले संचालक झाले. २००५ पासून या केंद्राला राजा रामण्णा यांचं नाव आहे.

तिथल्या लेझरचं खरं काम समजायचं तर अणुभट्टीत डोकवायला हवं. २२० मेगावॅटच्या जडपाणी भट्टीत ३०६ शीतक नळ्या असतात. वर्षानुवर्षं किरणोत्सर्गात राहून त्या खराब होतात आणि सगळ्याच बदलाव्या लागतात. नळीच्या टोकाचा वेल्ड केलेला सांधा आधी कापायचा. जागा अडचणीची, आणि माणूस जितका वेळ जवळ थांबेल तितका किरणोत्सर्ग त्याच्या अंगावर. इथे लेझरची निवड महत्त्वाची ठरते. कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. ती काचेतून पार होत नाही, त्यामुळे तो किरण आरशांनीच वळवावा लागतो. एनडी-याग लेझरची १,०६४ नॅनोमीटर, ती काचेच्या तंतूतून लांबवर नेता येते. म्हणजे यंत्र बाहेर, फक्त तोंड आत. नरोरा आणि काक्रापारच्या भट्ट्यांत इंदूरच्या अशा लेझरांनी सांधे कापले गेले. कामगारांच्या अंगावर येणारा किरणोत्सर्ग त्याने कमी झाला, ही त्यातली मोठी गोष्ट. वेळ वाचला तो वेगळाच.

त्याच केंद्रात दुसऱ्या गटाने अगदी मंद लेझर हाती घेतला. नायट्रोजन लेझरचा ३३७ नॅनोमीटरचा अतिनील किरण तोंडाच्या आतल्या त्वचेवर पडला की त्वचा स्वतःच फिकट उजळते. हा उजेड कोलाजेन, एनएडीएच यांसारख्या द्रव्यांचा असतो. कर्करोग शिरू लागला की त्यांचं प्रमाण बदलतं, आणि उजेडाचे रंगही. डोळ्यांना तो फरक धड कळत नाही, वर्णपटमापकाला कळतो. इंदूरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात रुग्णांवर याचा अभ्यास झाला. पुढे त्यातून ‘ऑन्कोडायग्नोस्कोप’ नावाचं, सहज कुठेही नेता येणारं उपकरण निघालं. लेझरऐवजी त्यात एलईडी आहे.

तंबाखू, गुटखा आणि मिश्रीच्या आपल्या भागात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा दुखत नाही, म्हणून माणूस महिनोन्महिने डॉक्टरकडे जात नाही. असं उपकरण संशयाची जागा दाखवतं, तेही सुई न टोचता. निदान पक्कं करायला मात्र तुकडा काढून तपासणंच लागतं. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम उपकरणाची वाट न पाहता दाखवावी.

आता पुन्हा कारखान्याकडे. हाती धरून चालवायचे फायबर लेझर वेल्डर आता बाजारात मिळतात. त्यांची तरंगलांबी १,०७० ते १,०८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे भट्टीतल्या त्या लेझरची जवळची भावंडंच. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण बुबुळातून थेट पडद्यावर एकवटतो. चकचकीत पत्र्यावरून परतलेला किरणही दृष्टी घालवू शकतो. नेहमीच्या वेल्डिंगची काळी काच यासाठी पुरेशी धरू नये. चष्म्यावर त्याच तरंगलांबीचा आकडा आणि संरक्षणाची पातळी, म्हणजे ‘ओडी’, छापलेली आहे का ते पाहूनच तो घ्यावा. आणि तो शेजारी उभ्या असलेल्या हेल्परलाही हवा.