दाव्यातली दुरुस्ती

अपिलात पोहोचलेला दावा दुरुस्त करू देणे ही न्यायालयाची मेहेरबानी आहे, असा समज रूढ आहे. दावा दुरुस्त करण्याच्या नियमाची कुळकथा मात्र वेगळे सांगते. दावा लिहिल्यानंतर तो सुधारण्याची मुभा आपल्याकडे फार जुनी आहे. नारदस्मृतीने वादीला आपले म्हणणे सुधारून घेण्याचा अधिकार दिला, पण प्रतिवादीचे उत्तर येईपर्यंतच. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त तीच मर्यादा मान्य केली. दावा आधी कच्चा लिहून, तपासून, मगच पक्का करण्याची रीतही धर्मशास्त्राने सांगितली होती. उत्तर ऐकून वादीने भूमिका बदलू नये, ही त्यामागची रास्त भीती होती. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडने रेषा दुसरीकडे ओढली. १८८४ साली ‘क्रॉपर विरुद्ध स्मिथ’ खटल्यात न्यायमूर्ती बोवेन यांनी म्हटले की न्यायालये पक्षकारांचे हक्क ठरवण्यासाठी आहेत, चुकांची शिक्षा देण्यासाठी नाहीत. प्रतिपक्षाची हानी खर्चाने भरून निघत असेल, तर चूक कितीही निष्काळजी असो, ती दुरुस्त होऊ द्यावी.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ६, नियम १७ आला आणि कार्यवाहीच्या कोणत्याही टप्प्यावर दुरुस्तीची वाट मोकळी झाली. कलम १०७ मुळे हे अधिकार अपील न्यायालयालाही मिळाले. अपिलाच्या मेमोत नवा मुद्दा घालायचा असेल तर आदेश ४१ नुसार न्यायालयाची परवानगी लागते. मूळ वादपत्र बदलणे ही त्याहून मोठी गोष्ट. तिची कसोटी मुंबई उच्च न्यायालयात लागली. ‘किसनदास रूपचंद विरुद्ध राचप्पा विठोबा’ या १९०९ च्या निकालातला वाद भागीदारीतल्या पैशांचा होता. नुसते पैसे मागण्याऐवजी वादींनी भागीदारीचे विसर्जन आणि हिशेब मागायला हवा होता. ती मागणी अपिलात जोडू दिली गेली, तीही मुदत उलटल्यावर. न्यायमूर्ती बॅचलर यांनी ही दुरुस्ती योग्य ठरवली, कारण व्यवहाराची हकीगत मूळ दाव्यात होतीच. दुसऱ्या बाजूवर अन्याय होतो का आणि खऱ्या वादाच्या निर्णयासाठी दुरुस्ती लागते का, हे दोनच प्रश्न त्यांनी विचारले. १९५७ साली ‘पिरगोंडा पाटील’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी उचलून धरली.

आक्षेप असा की याच मोकळिकीने दावे पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळतात. तक्रार खोटी नाही. म्हणूनच १९९९ च्या कायद्याने नियम १७ काढून टाकला. वकीलवर्गाने कडाडून विरोध केला आणि २००२ मध्ये नियम परतला, पण अटीसह: सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल, तर योग्य तत्परता दाखवूनही मुद्दा आधी मांडता आला नाही, हे पटवावे लागते. मला ही अट नारदाच्या बाजूला झुकलेली वाटते. तिला अर्थ आहे, पण ती पक्षकाराची तत्परता मोजते. बॅचलर यांची कसोटी समोरच्याची हानी मोजत होती. अडाणी पक्षकाराच्या वकिलाने मागणी चुकीची लिहिली, तर ती चूक तत्परतेच्या मोजमापात पक्षकाराच्याच माथी बसते. मुद्दाम लांबवणाऱ्याला जबर खर्च लावण्याचा मार्ग न्यायालयापुढे पूर्वीही होता. तो कसोशीने वापरला असता, तर १९९९ साली नियमावरच घाव घालण्याची वेळ आली नसती.