घाट आणि घसरगुंडी

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला, की छत्तीसगडात नौतपा लागतो. मे महिन्याच्या अखेरीचे हे नऊ दिवस वर्षातील सर्वांत कडक मानले जातात. रायपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि शाळांना सुट्टी असल्यामुळे घरोघरी मुलांचा एकच धोशा सुरू होतो : पाण्यात खेळायला चला. मग रायपुरातील आणि शेजारच्या नव्या रायपुरातील कुटुंबे डबे, टॉवेल आणि कपड्यांचे जोड घेऊन एखाद्या वॉटर पार्ककडे निघतात. तेथे पोहोचल्यावर कळते, की साऱ्या शहराला तीच युक्ती सुचलेली आहे. घसरगुंडीच्या जिन्यावर रांग, लाटांच्या तळ्यात माणसाला माणूस खेटलेला, सावलीची जागा सकाळीच अडलेली. इतक्या गर्दीत पाण्याचे सुख कसे घ्यावे, हा प्रश्न दिसायला आजचा आहे. परंतु ज्या शहरात तो विचारला जातो, त्या शहराने त्याचे उत्तर काही शतके गिरवलेले आहे.

आपल्याकडे पाण्याची मौज दोन वाटांनी आली. पहिली वाट दरबाराची. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, १६१३ मध्ये बांधला गेला. पावसाळ्यात माथ्यावरून पाणी कोसळत असावे आणि आत बसलेल्याने ते कोरड्या अंगाने पाहावे, अशी त्याची रचना. पुण्याच्या शनिवारवाड्यातील सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे बाल पेशवे सवाई माधवराव यांच्या मनोरंजनासाठी उभारले, असे सांगतात. ही मौज देखणी खरी, पण मूठभरांची. तेथे गर्दीचा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण गर्दीला आत प्रवेशच नव्हता.

दुसरी वाट गावतळ्याची, आणि छत्तीसगड हा तळ्यांचाच मुलूख. 'छै आगर छै कोरी' असा एक शब्दप्रयोग तेथे रूढ आहे. कोरी म्हणजे वीस. सहा विसा आणि वर सहा, म्हणजे १२६ तलाव. जुन्या समृद्ध गावांची थोरवी या आकड्याने सांगितली जाते. रायपूर खारून नदीच्या काठी वसले असले, तरी त्याचा नित्याचा व्यवहार तलावांवर चाले. पंधराव्या शतकात कलचुरी राजांच्या काळी बुढा तलाव झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस महंत कृपालगीर यांनी कंकाली तलाव दगडांनी बांधून काढला. पुढे हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. मराठी भाषा व मोडी लिपी तेथे दफ्तरात रुळली, ती त्याच काळात. रायपूरचा महाराजबंध तलाव मराठी अमदानीतील एका महसुली इजारदाराने बांधला आणि त्याच्या जवळचे रामचंद्राचे देऊळ १७७५ मध्ये बिंबाजींनी उभारले, अशी नोंद जुन्या सरकारी गॅझेटियरांत आढळते. राजा, महंत, इजारदार : तलाव बांधणारे वेगवेगळे होते, पण वापरणारे सारे गाव होते.

सारे गाव एकाच पाण्यात उतरते, तेव्हा शिस्त लागते. छत्तीसगडी गावाने ती लिखित नियमांवाचून बसवली होती. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना तेथे पचरी म्हणतात. पुरुषांचा घाट निराळा, बायकांचा निराळा. गुरे उतरायची बाजू वेगळी. आणि शक्य तेथे पिण्याच्या पाण्याचे तळेच स्वतंत्र. नव्या तलावाचे विधिपूर्वक लग्न लावून मध्यभागी लाकडी खांब रोवण्याची प्रथाही होती. पाण्याच्या अशा वापराला निस्तार हा शब्द आहे. त्याला पुढे कायद्यानेही मान दिला. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या जमीन महसूल संहितेत गावोगाव निस्तार-पत्रक ठेवण्याची तरतूद आली, आणि छत्तीसगड राज्यानेही ती संहिता पुढे चालवली. आंघोळ, धुणे, पोहणे हा उपकार नसून रहिवाशाचा हक्क आहे, ही कल्पना त्यामागे होती.

या चित्राला एक काळी बाजू आहे, आणि ती झाकून इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या समाजाने घाट वाटले, त्यानेच कित्येकांना पाण्याला शिवू दिले नाही. महाडच्या चवदार तळ्यात गुरांना मज्जाव नव्हता, अस्पृश्य मानलेल्या माणसांना होता. नगरपालिकेने ते तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. न्यायालयाचा अंतिम निकाल यायला मात्र १९३७ साल उजाडले. पाण्याच्या शिस्तीची चर्चा करताना तिच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो, तो महाडने शिकवला : काठावर कोणाला थांबवले आहे?

रायपुरात तलावांचे महत्त्व ओसरू लागले ते नळामुळे. राजनांदगावचे राजे बलरामदास यांच्या मोठ्या देणगीतून १८९२ मध्ये खारूनचे पाणी शहरात आणणारी योजना सुरू झाली. रोगराईच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते. पण पाणी घरात आले, तसे माणसांचे घाटावर जाणे कमी झाले, आणि ज्या तलावाची रोज गरज नाही, त्याची राखणही कोणी करीना. गॅझेटियरांनी जवळजवळ एक चौरस मैलाचा म्हणून वर्णिलेला बुढा तलाव आकसत गेला. किशोर नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ मध्ये नागपूरहून बैलगाडीने रायपूरला आले आणि सुमारे दोन वर्षे तेथे राहिले. त्या आठवणीने हा तलाव आज विवेकानंद सरोवर म्हणून ओळखला जातो आणि त्यात स्वामींचा बसलेला भव्य पुतळा आहे.

घाट मागे पडला, तरी उन्हाळा मागे पडला नाही. अमेरिकेत जॉर्ज मिले यांनी १९७७ मध्ये ऑरलँडो येथे 'वेट अँड वाइल्ड' हे उद्यान उघडले. आधुनिक वॉटर पार्कचा तो आरंभ मानतात. मुंबईत गोराईला १९९८ मध्ये 'वॉटर किंगडम' झाले, आणि पुढे ही लाट मध्य भारतातील शहरांपर्यंत पोहोचली. यात पाणी एकच असते. पंप ते वर चढवतो, घसरगुंडीवर त्याचा पातळ थर वाहतो, आणि खाली जमलेले पाणी वाळूच्या गाळणीतून व क्लोरीनमधून जाऊन पुन्हा वर येते. लाटांच्या तळ्यात एका टोकाच्या कोठड्यांत हवेचा दाब देऊन पाणी ढकलले जाते. दरबाराची मौज आणि तलावाची गर्दी येथे प्रथमच एकत्र आली, आणि म्हणूनच तलावाची शिस्त पुन्हा शोधून काढावी लागली.

उंचीची अट, एका वेळी एकानेच सुटण्याचा नियम, शिटी वाजवणारा जीवरक्षक ही त्या शिस्तीचीच नवी रूपे होत. जे कुटुंब ती ओळखते, त्याचा दिवस कारणी लागतो. जुना रायपूरकर पहाटे घाटावर जाई. शहाणे कुटुंबही दार उघडण्याच्या वेळीच पोहोचते, आणि शक्य तर रविवार टाळते. मोठ्या घसरगुंड्या रांग वाढण्यापूर्वी आटोपून ते ऐन दुपार सावलीत घालवते. दिवसभर पाण्यात असूनही शरीर घामाने कोरडे पडते, हे पाण्यात असताना जाणवत नाही. म्हणून पिण्याचे पाणी आणि हलका आहार हवा. छत्तीसगडी शेतकरी उन्हाळ्यात पाण्यात भिजवलेल्या भाताचे बोरे-बासी कांद्याबरोबर खातो, ते याच अनुभवातून. तळ्यात उतरण्यापूर्वी अंग धुण्याचा नियम अनेकांना जाच वाटतो. परंतु घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून जी संयुगे तयार होतात, तीच डोळ्यांची आग करतात. स्वच्छतेचा नियम मोडणारा स्वतःचेच पाणी बिघडवतो. आणि लाटांच्या तळ्यात प्रत्येक लहान मुलावर एका ठरलेल्या मोठ्या माणसाची नजर असावी. जीवरक्षक शेकडो डोकी पाहत असतो, आईबापांना एकच पाहायचे असते.

तरीही महाडचा प्रश्न शिल्लक राहतोच. आज काठावर जात विचारली जात नाही, तिकीट विचारले जाते. आणि मजुराच्या चार मुलांचे तिकीट त्याच्या मजुरीत बसत नाही. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, आणि २०१२ मध्ये मंत्रालय नव्या रायपुरात गेले. हे आखीव नगर अनेक गावांच्या शिवारात उभे राहिले. सेंध जलाशय आणि गावतळी त्याच्या पोटात आली आहेत. जुन्या शहरात तेलीबांधा तलावाच्या काठी संध्याकाळी शेकडो लोक फिरायला जमतात, पण पाण्यात उतरत नाहीत. नव्या नगराने एखादे तरी गावतळे स्वच्छ राखून, पचरी बांधून आणि राखणदार नेमून मुलांच्या पोहण्यासाठी मोकळे ठेवले, तर निस्ताराचा जुना हक्क नव्या नगरात पुन्हा नांदू लागेल, आणि नौतपातली दुपार तिकीट न परवडणाऱ्या मुलांनाही थोडी सुसह्य होईल.